चपट्या नाकाची गोळी

बॉथेल, १४ जून २०२५

ती. जगन्नाथकाका,
वाकून नमस्कार, आणि सोबत एक आरोळी!

पास झाले! शिकार-शिक्षणाची परीक्षा पास झाले. वर्गात अठ्ठावीस जण, त्यातले वीस बारा-तेरा वर्षांचे. शेजारच्या पोराने माझ्याआधी पेपर दिला आणि जाता जाता मला म्हणाला, "यू गॉट धिस, मॅम." शेहेचाळीस वर्षांच्या बाईला!

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपला तुम्ही पत्र मानत नाही. म्हणून हे चार पानी प्रकरण.

आमचा शेजारी वेंडेल आठवतो का? तुम्ही इथे आलात तेव्हा कुंपणावरून सफरचंदं देणारा. आता एकोणऐंशीचा आहे. खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर मी त्याला फिजिओथेरपीला नेत होते, आणि गाडीत तो मला शिकारीच्या गोष्टी सांगायचा. त्याच्या आजोबांची शंभर वर्षांची रायफल आहे, 'अडतीस-पंचावन्न' म्हणतात तिला. चापाभोवती एक लिव्हर असते, ती खाली-वर केली की पुढचं काडतूस आत जातं. त्याच्या खांद्याला आता ती झेपत नाही, मुलांना नको आहे. शेवटी दुकानात जाऊन, सरकारी तपासणी होऊन, ती रीतसर माझ्या नावावर झाली. कोल्हापुरात झुरळ बघून कॉटवर चढणारी मी!

आता मुद्दा. ओकानोगनच्या डोंगरात वेंडेलची लाकडी केबिन आहे. दर ऑक्टोबरला तिथे चार-पाच जुने सोबती हरणाच्या शिकारीला जमतात. या हिवाळ्यात केबिन विकली जाणार, म्हणजे हा शेवटचा कॅम्प. मला तिथे जायचंय काका, काहीही करून जायचंय. पण आजोबांपासूनचा नियम आहे: नव्या माणसाने स्वतःच्या हाताने ओतलेल्या गोळ्यांनी, पंचाहत्तर यार्डांवरून, जेवणाच्या कागदी थाळीत पाचपैकी पाच मारायच्या. एक जरी हुकली तर स्वयंपाकाला खुशाल या, बंदूक घरी ठेवा. मुदत सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारची.

शिसं वितळवायचं, वेंडेलच्या घरच्या लोखंडी साच्यात ओतायचं, गोळी काढायची, तिच्या खाचांत मेण भरायचं. मग पितळी केसमध्ये दारू मोजून घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. काल पहिल्यांदा ओतलं. काय ती चंदेरी धार! उद्यमनगरातल्या तुमच्या फाउंड्रीत मला दारातच उभं करायचात, आता मीच ओततेय! पण सगळ्या गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, अगदी मनुकांसारख्या. वेंडेल म्हणतो जमेल हळूहळू. मला हळूहळू नको आहे. काय चुकतंय?

तुमची वीणा


आयसेलिन, २१ जून

चि. वीणा,
आशीर्वाद आणि कानउघाडणी दोन्ही एकाच पाकिटात पाठवतो आहे.

साचा थंड आहे. बस्स. साचा तापला नाही की माल सुरकुततो, मग ते शिसं असो की बिडाचं लोखंड. साच्याचा कोपरा वितळलेल्या शिशाला टेकवून तापव. पहिल्या वीस गोळ्या परत भांड्यात टाकायच्याच असतात, त्यांचा शोक करू नये. ओतताना धार तोडू नकोस. गॅरेजचं दार सताड उघडं हवं, हातात चामडी मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि भांड्याजवळ पाण्याचा थेंब नको. तो शिशात पडला तर सगळं उसळून अंगावर येतं. नंतर कोपरापर्यंत हात धुवायचे. तिथे चहाचा कप ठेवलास असं कळलं तर विमानाने येऊन फोडीन.

खरं सांगतो, काल तुझं पत्र आलं आणि माझी जेवायची वेळ टळली. चार वर्षं झाली कोल्हापूर सोडून इथे मुलाकडे येऊन. सत्यजित वेळेवर डॉक्टरकडे नेतो, सूनबाई अदिती भाकरीसुद्धा शिकली, नात इशिता बारा वर्षांची आहे आणि माझ्याशी इंग्रजीत भांडते. कशाला म्हणून कमी नाही. पण या घरात मला कुणी प्रश्न विचारत नाही. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून कोथिंबीर आणणे एवढंच माझं खातं उरलंय. सत्तेचाळीस वर्षं फाउंड्री चालवलेल्या माणसाला तू विचारलंस की काय चुकतंय! आणखी विचार.

आता माझ्या दोन शंका. पत्राच्या कडेला तू काढलेल्या चित्रात गोळीचं नाक चपटं का? टोकदार कर, वारा कापेल. आणि शिसं फार मऊ, नखाने ओरखडा उठतो. ते कडक केलं पाहिजे.

ता. क. हरणाच्या मटणाला आपला मसाला चालतो का, ते वेंडेलला विचारून ठेव.

काका


बॉथेल, ३० जून

ती. काका,

चकाकतायत! आरशासारख्या चकाकतायत! साचा तापवला आणि एकविसाव्या गोळीपासून एकही सुरकुती नाही. मी गॅरेजमध्ये नाचले. वेंडेलने कुंपणापलीकडून बघितलं आणि सभ्यपणे मान वळवली.

टोकदार गोळीचं मात्र नाव काढू नका. या रायफलीच्या नळीखाली दुसरी नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक आडवी झोपतात. पुढच्या काडतुसाच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आणि तिला टेकलेलं मागच्या गोळीचं नाक. ते नाक टोकदार असलं आणि धक्का बसला, तर माझ्या हातातच सगळा बार उडेल. म्हणून चपटं. वेंडेलने हे सांगताना माझा दंड घट्ट धरला होता.

आणि दारूच्या बाबतीत तुमचं काहीही ऐकणार नाही, आधीच सांगते. ती वेंडेलच्या छापील पुस्तकाप्रमाणे मोजायची, कणभर इकडे नाही की तिकडे नाही. तुमचं खातं शिशाचं.

कडक करण्याबद्दल वेंडेलला विचारलं. तो म्हणाला, "कीप इट सॉफ्ट." तो स्वतः जुनं शिसं वापरतो, अगदी मऊ. पण त्याला कारण विचारलं तर खांदे उडवतो. काय करू?

वीणा


आयसेलिन, ८ जुलै

चि. वीणा,

नाकाबाबत माघार घेतली. शिकलो.

पण कडकपणाबाबत नाही. वेंडेल भला माणूस, त्याची सफरचंदं मी खाल्ली आहेत. पण कारण देता येत नाही ते ज्ञान नव्हे, ती सवय. मी ओतलेले पंप अजून निम्म्या कोल्हापूर जिल्ह्याच्या विहिरींवर चालतायत, ते काय मऊ माल ओतून? मऊ वाकतं, झिजतं, आकार सोडतं. आकार सोडला तो माल भंगार!

कृती अशी. छापखान्याचे जुने खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, कुठे मिळाले तर बघ. त्यात अँटिमनी आणि कथील असतं, ते शिशात मिसळ. आणि गोळी साच्यातून सुटली की लगेच पाण्याच्या बादलीत टाक; बादली भांड्यापासून दहा फूट लांब. दोन आठवडे तशाच ठेव, आणखी कडक होतील. तपासायला मशीन लागत नाही. चित्रकलेच्या पेन्सिली घे, मऊपासून कडकपर्यंत, आणि गोळीवर ओढत जा. जी पेन्सिल पहिल्यांदा ओरखडा काढेल, तिचा नंबर तोच गोळीचा कडकपणा. मी इशिताच्या पेन्सिलींनी इथलं मासेमारीच्या गळाचं शिसं तपासलं. ती म्हणाली, "आजोबा, व्हाय आर यू हर्टिंग माय पेन्सिल्स?"

घरात सध्या सांगितलंय की वीणा पंपाचे सुटे भाग ओततेय. तूही तेच धर.

काका


बॉथेल, ३ ऑगस्ट

ती. काका,

मस्त चाललंय! खिळे इंटरनेटवर एका म्हाताऱ्या छपाईवाल्याकडून मिळाले. गोळ्या इतक्या कडक झाल्यात की काही विचारू नका, मस्त. काल रेंजवर जाऊन आले. सोबत थाळीचा कागद पाठवतेय, आठवण म्हणून. मस्त वाटलं. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, त्यामुळे आज एवढंच. तब्येतीला जपा. इकडे हवा मस्त आहे.

वीणा


आयसेलिन, ११ ऑगस्ट

चि. वीणा,

एवढ्याशा पत्रात तू 'मस्त' हा शब्द चार वेळा लिहिला आहेस. प्रगतिपुस्तक लपवायचं असलं की लहानपणी तू अशीच बडबडायचीस.

तुझा कागद मी भिंगाखाली धरला. थाळीत भोकं तीन. बाकीची दोन कुठे आहेत? आणि ही तीनसुद्धा गोल नाहीत. मला बंदुकीतलं कळत नाही, पण गोल सळई कागदातून सरळ गेली तर भोक गोल पडतं एवढं कळतं. तुझी भोकं लांबट आहेत, एकाला तर गोळीच्या कुशीचा पूर्ण ठसा आहे. गोळ्या आडव्या होऊन पोचतायत. वीणा, तू माझ्याशी खोटं बोललीस. राग आला. अदितीच्या हातची आमटीसुद्धा गोड लागेना.

मग तीन दिवस नुसता विचार केला. नळीत पिळाचे आटे असतात, ते गोळीला फिरवतात, आणि फिरते म्हणून ती सरळ जाते. फिरण्यासाठी गोळीने ते आटे धरले पाहिजेत. मऊ शिसं मागच्या दाबाने किंचित फुगतं आणि आट्यांत बसतं. माझी कडक गोळी फुगत नाही, नुसती घसरत बाहेर येते. वेंडेलच्या आजोबांना हे ठाऊक होतं, फक्त कारण सांगायची गरज पडली नव्हती. मी मात्र गोळीला पंप समजलो.

माझं चुकलं.

हे दोन शब्द मी धंद्यात कधी कुणाला लिहून दिले नाहीत. तुझी काकू असती तर तिने हे पत्र फ्रेम करून लावलं असतं. तुझा एक महिना मी वाया घालवला, आणि तू मला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसलीस. पुन्हा असं करू नकोस. कारागिराला खोटा रिपोर्ट देणं म्हणजे आंधळ्याची काठी हिसकावून त्याला वाट दाखवणं.

कागद टेबलावर राहिला आणि घरात महाभारत झालं. सत्यजित म्हणाला, "बाबा, पंपाच्या पार्टला कुणी नेम धरून मारतं का?" अदिती पांढरीफटक पडली. तिचं बरोबरच आहे. इशिताच्या शाळेत दार लावून अंधारात गप्प बसायची तालीम करून घेतात. पोर ते सहज सांगते आणि आई जेवण सोडून उठते. मी लपवायला नको होतं. दोघांना समोर बसवून सगळी पत्रं वाचून दाखवली. बंदूक कपाटात कुलपाखाली असते ना, हे अदितीने तीनदा विचारलं. कळव. आणि शेवटी काय म्हणाली, "पण बाबा, मग आता वीणाताई पास कशा होणार?"

तर आता मऊ शिशाकडे परत जा. आणि नळी मोज. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघ, नळीला आतून तेल लाव, मऊ शिशाचा एक गोळा एका टोकाने ठोकत घाल आणि लाकडी दांड्याने दुसरीकडून काढ. त्याच्यावर आट्यांचा ठसा उमटेल. तो मायक्रोमीटरने मोज, मग तुझी गोळी मोज. दोन्ही आकडे कळव. खरे कळव.

काका


बॉथेल, १८ ऑगस्ट

ती. काका,

पत्र वाचून आधी रडले, मग हसले, मग मायक्रोमीटर आणला.

खरं सांगते. कडक गोळ्यांनी पाचपैकी तीन, मग दोन, मग एक. नळीत शिशाचा लेप बसला, तो खरवडायला दोन दिवस गेले. वेंडेल शेजारी खुर्ची टाकून बसला होता, म्हणाला फक्त, "टोल्ड यू सॉफ्ट." तुम्ही इतके खुशीत लिहीत होतात काका, की मला सांगवेना. तुमच्या पत्रांतली अक्षरं मोठी व्हायला लागली होती, तुम्हाला माहितेय?

अदितीला सांगा, बंदूक पोलादी कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात.

आता बातमी: मऊ गोळ्यांची भोकं गोल पडतात! अगदी गोल! पण विखुरतात. थाळीत कधी चार बसतात, कधी तीन, पाच कधीच नाहीत. आकडे असे: नळी आतून तीनशे ऐंशी थाऊ, गोळी तीनशे सत्याहत्तर. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे तुम्हीच मला सातवीत शिकवलंत.) गोळी तीन थाऊ बारीक आहे. वेंडेलला विचारलं तर तो डोकं खाजवून म्हणाला, हा साचा आजोबांच्या दुसऱ्या, आधीच्या रायफलीचा असावा. त्या काळच्या काळ्या दारूचा धक्का जोराचा, त्यात बारीक गोळीसुद्धा फुगून बसायची. आताच्या दारूत तेवढी फुगत नाही.

मापाचा नवा साचा करून देणारा माणूस नोव्हेंबर म्हणतोय. कॅम्प ऑक्टोबरात आहे. सहा रविवार उरलेत!

वीणा


आयसेलिन, २५ ऑगस्ट

चि. वीणा,

तीन थाऊ! या तीन थाऊंपायी मी आज फिरायला जाताना उलट्या दिशेने निघालो.

नवा साचा नको. आहे तोच मोठा करायचा, आणि तोही त्याच्याच गोळीने. एक कडक गोळी ओत, माझ्या त्या खिळ्यांचा तेवढा तरी उपयोग होईल. तिच्या बुडात स्क्रू बसव, दांडी म्हणून. तिला इंजिनचे व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट फास. साच्यात ठेव, साचा अलगद मिट आणि हाताने फिरव. मशीन लावलंस तर माझ्याशी गाठ आहे. वीस फेरे, मग पेट्रोलने स्वच्छ पूस, बाहेर मोकळ्यावर. मग मऊ गोळी ओत, गार होऊ दे, मोज. पुन्हा वीस फेरे. गोळी नळीपेक्षा एक थाऊ मोठी झाली की थांब.

पण हे नीट ऐक. लोखंड काढता येतं, परत घालता येत नाही. पाच फेरे जास्त झाले तर साचा गेला आणि तुझा कॅम्पही गेला. शिवाय तो साचा तुझा नाही. वेंडेलच्या आजोबांचा आहे. त्याने मनापासून हो म्हटलं तरच हात लाव. नाही म्हणाला तर पुढे एक शब्द बोलायचा नाही, ऑक्टोबरात त्याच्या चुलीपाशी उभं राहून भाकऱ्या भाजायच्या.

काका


बॉथेल, ९ सप्टेंबर

ती. काका,

विचारलं. वेंडेलने साचा उचलला, खिशात घातला आणि घरी गेला. दोन दिवस कुंपणाशी फिरकला नाही. मला वाटलं, संपलं. मी भाकरीच्या तव्याची चौकशीसुद्धा सुरू केली!

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा. साचा रॉकेलने धुऊन, फडक्यात बांधून आणला होता. म्हणाला, आजोबांकडे मायक्रोमीटर असता तर त्यांनीच घासला असता. मग स्वतःच खुर्ची ओढून बसला आणि माझे फेरे मोजू लागला. वीस झाले की बोट वर करायचा. पहिल्या वीसनंतर काहीच फरक नाही. चाळीसनंतर एक थाऊ. मग हळूच आणखी एक, मग आणखी एक. काका, गोळी आता तीनशे ऐंशी आहे! नळीएवढी!

आणि इथे मी अडकलेय. वेंडेल म्हणतो पुरे. तुम्ही म्हणता एक थाऊ जास्त. या वेळी माझ्या डोक्याने ठरवायचं नाही असं मी ठरवलंय, कारण दोन्ही बाजूंनी घाबरलेय. कळवा लवकर.

वीणा


आयसेलिन, १३ सप्टेंबर

वीणा,

मागे वेंडेलचं ऐकलं नाही म्हणून फसलो, म्हणून आता सगळं त्याचंच ऐकायचं असंही नाही. मेणाने गोळी सरकते, नळीएवढी गोळी नळीत सैलच. एक थाऊ हवा. पेस्ट निम्मी कर, दहा फेरे, पाचव्या फेऱ्याला मोज. सत्यजितने हे पत्र एक्स्प्रेसने टाकलंय, स्वतःहून.

माझा हात तिथे असता तर बरं झालं असतं. पण तुझा आहे, आणि मी त्याच्यावर विसंबून आहे.

काका


बॉथेल, २८ सप्टेंबर, रविवार

काका! काका! काका!

पाच! पाचपैकी पाच!

दहा फेरे झाले आणि तीनशे एक्क्याऐंशी. कालपर्यंत ओतत होते. निवडून निवडून वीस गोळ्या ठेवल्या, बाकी भांड्यात. आज सकाळी रेंजवर वेंडेल आणि त्याचे दोन सोबती, तिघे टोप्या घालून परीक्षकांसारखे बसलेले. पहिली गोळी थाळीच्या मध्यावर. दुसरी तिच्या शेजारी. तिसरी दुसऱ्या भोकाला चिकटून. चौथी जरा खाली, पण थाळीत. पाचवीला मी लिव्हर ओढली, पण नेम थाळीवर ठरेना. बंदूक खाली ठेवली. चार वेळा श्वास घेतला, पुन्हा उचलली, चाप हळूच दाबला.

दुर्बिणीतून वेंडेलच बघत होता. बराच वेळ बघत राहिला, मुद्दाम, मेला! मग म्हणाला, पाचही भोकं कॉफीच्या बशीखाली झाकतील. मी उड्या मारल्या, त्याच्या चांगल्या खांद्याला मिठी मारली. तो म्हणाला, "यू आर स्टिल कुकिंग." मसाला आणायचा हुकूम आहे.

वीणा


आयसेलिन, ४ ऑक्टोबर

चि. वीणा,

तुझं पत्र इशिताने मोठ्याने वाचलं, तिच्या मराठीत. "पाचपैकी पाच" तिने तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मी ऐकू आलं नाही असं सांगितलं. अदितीने शिरा केला. मसाल्याची पुडी सोबत आहे, दोन चमचे पुरे, त्या लोकांना जपून वाढ.

आता माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही. जा. सावकाश नेम धर. नीट दिसत नसेल तर मारू नकोस.

काका


केबिन, ओकानोगन, १४ ऑक्टोबर

ती. काका,

हे स्वयंपाकाच्या टेबलावरून लिहितेय. बाहेर बर्फ भुरभुरतंय आणि चार म्हातारे रस्सा पिऊन नाक पुसतायत.

तिसऱ्या दिवशी, उजाडल्यावर तासाभराने, पाइनच्या झाडांतून नर आला. इथे नियम आहे, शिंगाच्या एका बाजूला किमान तीन टोकं हवीत. मला दोन दिसत होती. तो थांबला, मी थांबले. बोटं गोठली. मग त्याने मान वळवली आणि तिसरं टोक दिसलं, काका, स्पष्ट! साठ यार्ड. आडवा उभा. तुमचं वाक्य आठवलं, सावकाश. बार झाला आणि धक्क्यातून सावरून बघितलं तर तो दिसेना. मला वाटलं हुकला, किंवा त्याहून वाईट, जखमी होऊन पळाला. पण तो तीस पावलांवर गवतात होता, संपलेला. मी त्याच्या मानेवर हात ठेवला. ती गरम होती. खूप आनंद झाला होता आणि खूप रडू येत होतं, आणि मला त्यातलं काहीच थांबवायचं नव्हतं. वेंडेल टोपी काढून माझ्याशेजारी उभा राहिला.

सोलताना गोळी पलीकडच्या कातडीखाली सापडली. वेंडेल म्हणाला, ही अंकलला जायला हवी. काडतूस पोस्टाने पाठवणं गुन्हा आहे, पण ही आता शिशाची गुठळी, म्हणून पाठवतेय.

वीणा


आयसेलिन, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

चि. वीणा,

पाकीट उलटं केलं आणि ती माझ्या तळहातावर पडली. आधी ओळखू येईना.

मग भिंग लावून बसलो. बूड जसंच्या तसं आहे, मेणाच्या खाचा दिसतात, आट्यांचे ठसे स्वच्छ उमटलेत, म्हणजे तिने नळी नीट धरली होती. नाक मात्र पार पसरलंय, जवळजवळ दुप्पट रुंद, आणि कडेने मागे वळलंय. कुठे तडा नाही, एक तुकडा उडालेला नाही. अदितीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. इशितानेही हातात घेतली आणि विचारलं, हरणाला दुखलं का? म्हटलं, थोडं, आणि थोडाच वेळ. माझ्या पद्धतीने कडक ओतली असतीस तर ती आरपार गेली असती आणि ते जनावर जखम घेऊन डोंगर ओलांडून कुठेतरी दोन दिवसांनी मेलं असतं. हे मी तिला सांगितलं नाही, तुला सांगतो.

उद्यमनगरात शेडच्या दाराशी बिघडलेल्या मालाचा ढीग असायचा. आकार सोडलेलं एखादं कास्टिंग दिसलं की मी ओतणाऱ्याला सगळ्यांसमोर फैलावर घ्यायचो. माणसंसुद्धा मी याच मापाने मोजली. वाकला तो माझ्यासाठी भंगार. तुझी काकू म्हणायची, अहो, जरा मऊ व्हा. मी म्हणायचो, मऊ टिकत नाही.

सकाळपासून ही माझ्या हातात आहे. सत्तेचाळीस वर्षांत मी हजारो टन माल ओतला, आणि आकार बिघडलेला बघून आनंदाने डोळे भरून यावेत असा हा पहिलाच.

काका